सॉलिसिटरशिवाय संमतीचा घटस्फोट (इंग्लंड): दाखल्यावरचं नाव, भाषांतर आणि बाकीचे कागद

जाईचीवेल:
नमस्कार. मी रेडिंगला राहते. लग्न साताऱ्याला झालं, त्याला बारा वर्षं झाली. नवरा आणि मी गेल्या दिवाळीपासून वेगळे राहतोय. आता भांडण असं काही उरलेलं नाही. तो दर शनिवारी लेकीला पोहायला नेतो, परत सोडायला आला की दारातच उभ्याने चहा घेतो आणि जातो. घटस्फोट दोघांनाही हवा आहे. सॉलिसिटरकडे चौकशी केली, पण फक्त कागद भरून द्यायची त्यांची फी ऐकली आणि स्वतःच करायचं ठरवलं.

मी अडलेय नावापाशी. नगरपालिकेचा लग्नाचा दाखला पूर्ण मराठीत आहे. त्यावर माझं माहेरचं नाव, मधे बाबांचं. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. आणि लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं जे नाव, ते पुण्याच्या फ्लॅटच्या करारनाम्यावर आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. अर्जात यातलं कुठलं नाव घालायचं? आणि हा अर्ज झाला की संपलं का सगळं?

धागेदोरे:
जाई, मी वयाने मोठी असणार, म्हणून तू म्हणते. २०२३ मध्ये मी हे सगळं स्वतः केलं, ड्यूटीवरून आल्यावर रात्री ओट्याशी उभी राहून. होतं. घाबरू नकोस.

नावाचं आधी. एका रकान्यात तुझं आत्ताचं नाव विचारतात, दुसऱ्यात दाखल्यावर जसं आहे तसं. दुसऱ्यात अक्षरशः दाखल्यावरचंच घाल, बाबांच्या नावासकट. नाव लग्नामुळे बदललं, हे सांगायलाही जागा आहे. मी दोन्हीकडे पासपोर्टवरचं नाव घातलं, अर्ज परत आला आणि माझे पाच आठवडे गेले. आणखी एक बघ: भाषांतरातलं स्पेलिंग आणि तू अर्जात घातलेलं स्पेलिंग एकच हवं. 'क्ष' आणि 'ज्ञ' असलेल्या नावांचं इंग्रजी प्रत्येक जण वेगळं करतो. म्हणून भाषांतर आधी हातात घे, समोर ठेव आणि मग अर्ज भर. भाषांतर प्रमाणित लागतं. ते मूळ कागदाशी तंतोतंत जुळतं असं त्यावर लिहिलेलं हवं, तारीख हवी, भाषांतर करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि संपर्क हवा. घरच्या कुणाकडून करून घेऊ नकोस.

अर्ज सरकारी साइटवर ऑनलाइन होतो. ६ एप्रिल २०२२ पासून कुणाचा दोष दाखवावा लागत नाही, लग्न टिकण्यासारखं राहिलं नाही एवढं म्हटलं की पुरतं. दोघं मिळून संयुक्त अर्जही करता येतो. एकाने भरायचा, दुसऱ्याने वाचून मान्य करायचा. मी भरली तेव्हा फी ५९३ पौंड होती, नंतर ती ६१२ झाली. उत्पन्न कमी असेल तर फीमाफीचा अर्ज असतो, पण संयुक्त अर्जात दोघंही त्यात बसावे लागतात. कोर्टाने अर्ज दाखल करून घेतला की त्या तारखेपासून २० आठवडे थांबायचं, मग सशर्त आदेश, म्हणजे घटस्फोटाला हरकत नाही असा कोर्टाचा पहिला आदेश, मागायचा. तो सुनावताना कोर्टात जावं लागत नाही. त्यानंतर ६ आठवडे आणि १ दिवस गेला की अंतिम आदेश मागता येतो. लेकीबद्दल या अर्जात काहीच ठरत नाही, तुमचं एकमत आहे ना, मग झालं.

आता तुझा दुसरा प्रश्न. नाही, संपत नाही. अंतिम आदेशाने लग्न संपतं, पैशाचे हक्क तसेच राहतात. उद्या दहा वर्षांनी दोघांपैकी कुणीही दावा करू शकतं. ते दार बंद करायचं तर संमती आदेश, म्हणजे दोघांनी ठरवलेल्या पैशाच्या वाटणीला कोर्टाची मंजुरी, वेगळा घ्यावा लागतो. त्यासोबत डी ८१ नावाचा फॉर्म जातो. त्यात दोघांची कमाई, घर, कर्जं, पेन्शन सगळं मांडायचं, आणि पुण्याचा फ्लॅटसुद्धा. परदेशातला म्हणून सोडायचा नाही. सशर्त आदेश मिळाला की न्यायाधीश ते बघतात आणि वाटणी रास्त आहे का ते तपासतात. माझं कळकळीने सांगणं आहे, संमती आदेशावर शिक्का बसेपर्यंत अंतिम आदेश मागू नकोस. मधल्या काळात एकाचं काही बरंवाईट झालं तर पेन्शनमधला जोडीदाराचा हक्क गेलेला असतो. मी फॉर्म सगळे स्वतः भरले, पण संमती आदेशाचा मसुदा तेवढा सॉलिसिटरकडून करून घेतला. तेवढ्याच कामाचे पैसे देता येतात, आणि तिथे मी काटकसर करणार नाही.

पेठेतला:
धागेदोरे यांनी सांगितलं ते इंग्लंड-वेल्सचं. स्कॉटलंडमध्ये पद्धत वेगळी आहे.

भारताच्या बाजूचं सांगतो, कारण तुमचं लग्न साताऱ्याचं आहे. परदेशी घटस्फोट आपल्याकडे कधी मानायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंह राव खटल्यात सांगितलं आहे. लग्न ज्या कायद्याने झालं त्यातल्या कारणावर घटस्फोट हवा, नाहीतर दोघांची खरी संमती हवी. लग्न टिकत नाही एवढंच कारण हिंदू विवाह कायद्यात नाही, परस्परसंमती मात्र आहे. म्हणून तुमच्या बाबतीत संयुक्त अर्जच करा. एकट्याने केलेला अर्ज इथे चालेल, पण तिकडे उद्या कुणी बोट ठेवू शकेल. एकदा तिकडच्या वकिलालाही विचारून घ्या.

फ्लॅटवरचं नाव इथल्या आदेशाने आपोआप बदलत नाही. तिथे हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. करारनाम्यावर तुमचं सासरचं नाव आहे, म्हणजे ती आणि तुम्ही एकच, असं प्रतिज्ञापत्रही लागेल. नवरा सह्या करायला तयार आहे तोवर हे उरका.

जाईचीवेल:
दोघांचेही मनापासून आभार. आम्ही इथे एकट्याचा अर्ज अर्धा भरून ठेवला होता, तो आता सोडून संयुक्त करतो. भाषांतराला आजच टाकलं. आणि शनिवारी तो आला की त्याला आत बसवून डी ८१ समोर ठेवते. फ्लॅटच्या हप्त्यांचे कागद त्याच्याकडेच आहेत, येताना घेऊन ये म्हणून आत्ताच कळवलं.