नऊपैकी सहा गुण अन् "४ टक्के शक्यता": याचा अर्थ काय?

दारव्ह्याचा मास्तर:
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, संध्याकाळी पोरांना बुद्धिबळ शिकवतो. आमचा सातवीतला पोरगा, रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) १४८०. नागपूरच्या खुल्या स्पर्धेत ९ पैकी ६ डाव जिंकला, ३ हरला. समोरच्यांचं सरासरी रेटिंग १६००. शेवटच्या दिवशी काही पालक त्याच्या बापासमोरच बोलले, "मोबाईलवर पाहून खेळते हा." बाप कापसाची वेचणी सोडून आला होता. काही बोलला नाही, पोराला घेऊन एसटी गाठली. मग एकानं एक्सेलमध्ये सिम्युलेशन करून, म्हणजे तीच स्पर्धा संगणकावर पुन्हा पुन्हा खेळवून, या रेटिंगला एवढे गुण मिळायची "फक्त ४ टक्के शक्यता" असं ग्रुपवर टाकलं. हे गणित बरोबर आहे का? मला ही गोष्ट सोडून देता येत नाही.

अमरावतीकर, संख्याशास्त्र:
सर, आकडा बरोबर आहे. रेटिंगमध्ये १२० चा फरक म्हणजे एलोच्या सूत्रानं (रेटिंग ज्यावर चालतं ते सूत्र) दर डावाला ०.३३ गुण, नऊ डावांत ३ गुणांची अपेक्षा. दहा हजार वेळा तीच स्पर्धा खेळवली तर सव्वाचारशेच्या आसपास वेळा ६ किंवा जास्त गुण येतात. यात बरोबरी धरलेली नाही. धरली तर आकडा आणखी खाली जातो, हेही सांगून ठेवतो.
पण हॉलमध्ये २०० जण खेळत असतील तर अपेक्षेच्या इतकं वर जाणारे साधारण आठ जण निघणारच. निकाल लागल्यावर त्यातला एक निवडायचा अन् मग त्याची शक्यता मोजायची, हे चूक आहे.

नागपूरची पंच:
सिम्युलेशन फक्त गुण पाहते, चाली पाहत नाही. बुद्धिबळातली फसवणूक शोधणारे संगणकतज्ज्ञ केनेथ रीगन यांची पद्धत खेळाडूच्या चाली इंजिनशी (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमशी) ताडून बघते आणि त्या रेटिंगच्या खेळाडूकडून किती जुळणी अपेक्षित आहे ते मोजते. तिथेही एकट्या आकड्यावर निकाल देणं मला मान्य नाही. सर, स्कोअरशीट (चालींची नोंद केलेले कागद) आहेत का? आणि त्याचं रेटिंग कधीचं आहे?

दारव्ह्याचा मास्तर:
मॅडम, मुद्दा तिथंच आहे. रेटिंग मागच्या उन्हाळ्यातलं. नागपूरला जायचं म्हणजे भाडं, मुक्काम, बापाची मजुरी बुडणार. वर्षभर तो रेटेड डाव खेळलाच नाही. शाळेत मात्र रोज खेळते. त्याची खरी ताकद १६०० धरून मी तेच गणित पुन्हा केलं: ६ किंवा जास्त गुणांची शक्यता २५ टक्के. चारातून एकदा! गावाकडच्या पोराचं जुनं रेटिंग खरं धरून त्याला चोर ठरवता येत नाही. २०२५ मध्ये बटुमीच्या महिला विश्वचषकात आपली दिव्या देशमुख १५वं मानांकन घेऊन उतरली अन् जिंकून आली. मानांकनाच्या मानानं तेही अनपेक्षितच होतं ना?
नऊही स्कोअरशीट आज रात्री टाकतो. तिसऱ्या फेरीतला डाव आधी पाहा, हत्ती देताना त्यानं बराच वेळ घेतला होता. हरलेले तीनही पाहा.

नागपूरची पंच:
टाका. घड्याळाच्या वेळा लिहिल्या असतील तर त्याही टाका.