काउंटरस्पेलआधी स्पेलचं नाव सांगायचं का?

पडद्यामागचा_डीएम
परवा डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांवर चालणाऱ्या भूमिकांच्या खेळाबद्दल एकाने लिहिलं, "समोरचा कोणता स्पेल टाकतोय हे न सांगता 'काउंटरस्पेल टाकणार का' विचारणं ही डीएमची सरळ फसवणूक आहे." खाली सगळ्यांनी री ओढली. (नवख्यांसाठी: डीएम म्हणजे खेळ चालवणारा, शत्रूंच्या चालीही तोच ठरवतो. स्पेल म्हणजे मंत्र, काउंटरस्पेल म्हणजे समोरच्याचा मंत्र रद्द करणारा मंत्र.) मला ते लागलं, कारण मी पहिल्यापासून असाच खेळवत आलोय.

२०१४ चा नियम नीट वाचा. ६० फुटांच्या आत कुणी स्पेल टाकताना दिसला, एवढाच ट्रिगर आहे. टाकताना. ओठ हलताना दिसतात, बोटं फिरताना दिसतात, डोक्यातलं नाव दिसत नाही. ओळखायचंच असेल तर २०१७ च्या 'झॅनाथर' या पूरक नियमपुस्तकात सोय आहे: रिॲक्शन (उत्तरादाखल झटपट कृती) खर्चा, आर्काना चेक (मंत्रविद्येच्या ज्ञानाचा फासा) मारा, डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ अधिक स्पेलची लेव्हल. रिॲक्शन राउंडमागे एकच, आणि काउंटरस्पेललाही तीच लागते. म्हणजे ओळखा, नाहीतर अडवा. त्या स्पेलचा सगळा जीव या पेचात आहे. नाव आधीच सांगून टाकलं तर फायरबॉल अडवायचा आणि कँट्रिप (फुकटचा किरकोळ स्पेल) सोडायचा, यात ठरवण्यासारखं काय उरतं?

फाशांची_पिशवी
असहमत. तुम्ही पुस्तक वाचलंत, टेबलाकडे बघितलं नाहीत.

आम्ही खेळाडू काय बोलतो? "मी फायरबॉल टाकते, त्या खांबापाशी." नाव तुमच्या कानावर पडलं. मग तुमचा लिच (मरूनही उरलेला मांत्रिक शत्रू) ठरवणार, अडवायचं की नाही. आणि त्याची टर्न आली की "तो काहीतरी पुटपुटतोय". तुम्हाला उघडी पानं आणि आम्हाला झाकलेली, हा कुठला न्याय? आणि झॅनाथरमधला तो नियम ऐच्छिक आहे, तो असा तोंडावर फेकू नका.

माझी पॅलाडिन (योद्धा पात्र) दीड वर्ष खेळले. शेवटच्या लढाईत लिचने आधी एक स्पेल सुरू केला, आमच्या विझर्डने (मांत्रिक पात्राने) घाईने काउंटरस्पेल मारला. निघाला रे ऑफ फ्रॉस्ट. एका कँट्रिपवर तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट गेला, आणि स्पेलसाठी खर्चायचे हे स्लॉट मोजकेच असतात. पुढच्या राउंडला परत तेच, "तो स्पेल टाकतोय, काही करणार?" विझर्डकडे एकच स्लॉट उरलेला, तो थांबला. डिसइंटिग्रेट. नुकसान १०डी६ (सहा बाजूंचे दहा फासे) अधिक ४०. माझे एचपी (जीवनगुण) शून्यावर, म्हणजे राख. ट्रू रिझरेक्शन किंवा विश हे स्पेल सोडून परतीची वाट नाही, आणि आमच्यापैकी कुणाच्या आवाक्यात दोन्ही नव्हतं. डीएम म्हणाला, "मी विचारलं होतं." त्या पात्राची शीट अजून माझ्या वहीत आहे, एचपीच्या चौकोनात खोडून खोडून भोक पडलंय.

पडद्यामागचा_डीएम
वाईट वाटलं, खरंच. पण सहाव्या लेव्हलचा स्पेल तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटने अडवायला डीसी १६ लागला असता. नाव कळूनही खात्री नव्हती.

फाशांची_पिशवी
खात्री कोण मागतंय? फासा टाकायची संधी हवी होती.

दहा_सेगमेंट
ही भांडणं पाचव्या एडिशनने (२०१४) लावून दिली. एडी अँड डीच्या, म्हणजे याच खेळाच्या जुन्या रूपाच्या, पहिल्या आवृत्तीत राउंड एक मिनिटाचा, त्याचे १० सेगमेंट, आणि स्पेलला किती सेगमेंट लागणार ते लिहिलेलं असायचं. मधे फटका बसला की स्पेल गेला. मांत्रिकाला अडवायचं तर बाण मारा. तिसऱ्या एडिशनमध्ये, २००० साली, स्पेल ओळखणं फुकट झालं, स्पेलक्राफ्टचा चेक, डीसी १५ अधिक लेव्हल. पण अडवायला आपली ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) आधीच रेडी करून बसावं लागायचं. ओळख स्वस्त, अडवणूक महाग. आता उलट झालंय. डीएमने नाव फुकट सांगितलं तर दोन्ही स्वस्त होतात, आणि मग मोठ्या शत्रूने स्पेल टाकायचे तरी कशाला? या एका मुद्द्यावर मी धागाकर्त्याच्या बाजूने. आवडलं म्हणून नाही, हिशोब तसा आहे म्हणून.

लोर_बार्ड_६
थोडं अवांतर, पण हे मला कित्येक महिने खुपतंय. माझी टर्न. मी बोनस ॲक्शनने (टर्नमधली जादाची छोटी कृती) हीलिंग वर्ड हा बरं करणारा स्पेल टाकला, आमचा रेंजर शून्यावर पडलेला. शत्रूने काउंटरस्पेल मारला. मी म्हटलं, त्याच्या काउंटरस्पेलवर माझा काउंटरस्पेल, रिॲक्शन शाबूत आहे. डीएम म्हणाला चालणार नाही. रेंजर मेला. का चालणार नाही?

दहा_सेगमेंट
२०१४ चा नियम स्पष्ट आहे. बोनस ॲक्शनने स्पेल टाकलात की त्याच टर्नमध्ये एक ॲक्शनचा कँट्रिप सोडून दुसरा स्पेल नाही. तुमची रिॲक्शन तुमच्याच टर्नमध्ये पडली. दुसऱ्याच्या टर्नमध्ये असती तर चालली असती. डीएमचं बरोबर होतं.

लोर_बार्ड_६
म्हणजे ॲक्शनने फायरबॉल टाकणारा विझर्ड स्वतःच्या टर्नमध्ये काउंटरस्पेलला उत्तर देऊ शकतो, आणि मरणाऱ्याला उठवणारी मी देऊ शकत नाही? यात कुठलं लॉजिक आहे?

कोरा_स्लॉट
२०२४ च्या नव्या नियमपुस्तकात ते बदललंय. आता एका टर्नमध्ये स्पेलसाठी एकच स्लॉट खर्चता येतो, विझर्डलाही. शिवाय काउंटरस्पेलने स्पेल रद्द झाला तर त्याचा स्लॉट जातच नाही. मग तुमच्या हीलिंग वर्डचा स्लॉट अजून गेलेलाच नाही, तुम्ही काउंटरस्पेल टाकू शकता!

दहा_सेगमेंट
अहो, तुमचा काउंटरस्पेल यशस्वी झाला तर हीलिंग वर्ड लागू पडणार, म्हणजे त्याचाही स्लॉट जाणार. एका टर्नमध्ये दोन. नियम तुम्ही स्वतःच मोडलात.

कोरा_स्लॉट
स्लॉट नेमका कोणत्या क्षणी खर्च होतो ते दाखवा. सुरुवातीला की शेवटी? दाखवा, मग बोला.

दहा_सेगमेंट
हव्या त्या क्षणी मोजा. दोन्ही स्पेल लागू पडले तर टर्न संपताना स्लॉट दोनच गेलेले असणार. एवढं कळत नसेल तर इतरांना नियम शिकवू नका.

लोर_बार्ड_६
आवाज खाली ठेवा, प्रश्न माझा होता. आणि माझा रेंजर दोन्ही पुस्तकांनुसार मेलाच, हे कळलं. पटलं नाही, पण कळलं.

पडद्यामागचा_डीएम
मूळ मुद्द्यावर येतो. फाशांची_पिशवी यांचं एक म्हणणं मला मान्य करावं लागतंय, आणि ते सोपं गेलं नाही. खेळाडू नाव आधी बोलतात आणि मी ते ऐकून ठरवतो. हे चूक आहे. माझ्या टेबलावर आता खेळाडूंनीही आधी फक्त "स्पेल टाकतोय" म्हणायचं, मी तीन आकडे मोजणार, मग नाव. आणि माझ्या बाजूचा स्पेल मी कार्डावर लिहून, माझ्यासमोरच्या आडपडद्याबाहेर ते उलटं ठेवणार. काउंटरस्पेलचा निर्णय झाला की कार्ड उलटायचं. पण नाव आधी सांगणार नाही, त्यावर मी ठाम आहे.

फाशांची_पिशवी
कार्डावर स्लॉटची लेव्हलही लिहिणार का? नाहीतर पाचव्या लेव्हलचा फायरबॉल ऐनवेळी तिसऱ्याचा होईल.

पडद्यामागचा_डीएम
हो. नाव, लेव्हल, लक्ष्य, तिन्ही.

फाशांची_पिशवी
नाव आधी सांगायला हवं हे माझं मत तेच आहे. पण त्या दिवशी पडद्याबाहेर असं कार्ड असतं, तर "तो खरंच डिसइंटिग्रेटच टाकणार होता का" हा प्रश्न घेऊन मी एवढे दिवस बसले नसते.