घर रिकामं करायचंय. काय ठेवू, काय काढू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. डोंबिवलीतली आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेलीय. महिनाअखेरीला चाव्या द्यायच्यात. आईबाबा १९७९ साली इथे राहायला आले, तेव्हापासूनचं सगळं दोन खोल्यांत आणि माळ्यावर आहे. भाड्याचं घर याहून लहान, आणि त्याला माळाच नाही.

सोपं होतं ते झालं. फुटक्या बादल्या, जळलेला मिक्सर, हॉटेलच्या पार्सलचे प्लास्टिकचे डबे (मोजले, ११४ निघाले!), पिशव्यांनी भरलेली पिशवी. आता उरलंय तिथे गाडं अडलंय.

आईच्या लग्नातली भांडी: दोन हंडे, घंगाळ, परात, पेले. प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, 'मामांकडून, १२-५-७४' असं. वीस वर्षांत कल्हई नाही, आतून हिरवी पडलीत. भंगारवाल्याने हंडा उलटा करून बुडावर टिचकी मारली, तशी आई उठून आत गेली. मी त्याला परत पाठवलं.

बाबांचे दिवाळी अंक आहेत, दोन ट्रंका भरून. वाचनालयात विचारलं तर म्हणाले, आमचेच ठेवायला जागा नाही. आणि बाबांचे डबे! बोर्नव्हिटाच्या प्रत्येक डब्यावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: 'वायसर लहान', 'उपयोगी पडतील असे स्क्रू', 'किल्ल्या, कशाच्या ते आठवत नाही'. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. हा शेवटचा डबा हातात घेऊन मी अर्धा तास बसले होते.

त्यात भाऊ कॅनडात. व्हिडिओ कॉलवर काहीही दाखवलं की "अगं, राहू दे गं ते." राहू दे म्हणजे कुठे? माझ्या ठाण्याच्या घरात. आई ७६ वर्षांची. मी दुपारी पिशवी भरते, संध्याकाळपर्यंत त्यातलं अर्धं परत कपाटात गेलेलं असतं. कोणी यातून गेलंय का? ठरवायचं तरी कसं?

प्रतिसाद १

ताई, भांडी नंतर, आधी कागद. खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), स्टँप ड्युटीची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बाबांचा मृत्यूचा दाखला एका फाइलीत घाला आणि ती फाइल तुमच्या घरी न्या, सामानाच्या टेंपोत नाही. जुने कंपन्यांचे शेअर निघाले तर रद्दी समजू नका. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, पण वारसांच्या नावावर करून घेता येतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ (गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण) निधीत जातात. तिथूनही अर्ज करून परत मिळतात. वेळ लागतो, एवढंच. लाइटची जुनी बिलं खुशाल फाडा. अंक रद्दीत देण्याआधी मात्र प्रत्येक झटकून बघा. आमच्याकडे एका अंकातून हजाराच्या चार नोटा पडल्या. नोटबंदीच्या दोन वर्षांनंतर!

प्रतिसाद २

तांबं आणि पितळ वेगवेगळं करा, तांब्याला भाव जास्त. घरच्या काट्यावर आधी वजन करून ठेवा, मग दुकानात जा. स्टीलच्या बदल्यात तर मुळीच देऊ नका. बोहारणीला जरीच्या साड्या देताना पदर तपासा. जुन्या खऱ्या जरीत चांदी असते. एक पेला कल्हई करून ठेवा, बाकीचं जाऊ द्या. सहाच्या सहा पेले ठेवून त्यात पाणी कोण पिणार आहे?

प्रतिसाद ३

आईंना "ठेवू की टाकू" विचारूच नका, उत्तर ठेवू हेच येणार. "हे कुणाला द्यायचं?" असं विचारा. माझ्या सासूबाईंनी एका दुपारी अख्खं कपाट वाटलं होतं. आणि भाऊरायांच्या 'राहू दे'चं एक खोकं करा, वजन करा, कॅनडाच्या कुरिअरचा दर काढा आणि त्यांना कळवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. खोकं केलं. साडेअठरा किलो. दर कळवल्यावर भाऊ म्हणाला, बाबांचं घड्याळ आणि फोटो तेवढे ठेव.

आईला "कुणाला द्यायचं" विचारलं. घंगाळ मावसबहिणीच्या मुलीला, परात आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींना. मावशींनी तिथेच चिंच लावून घासली, तर आईच त्यांना सांगायला बसली की कोपरे राहिले. एक हंडा मी ठेवलाय. दुसरा मोडीत गेला, तेव्हा आई देवळात गेली होती. हे बरोबर केलं का, माहीत नाही. तिने अजून विचारलेलं नाही.

स्क्रू आणि वायसर इमारतीच्या प्लंबरने आनंदाने नेले. किल्ल्यांचा डबा माझ्याकडे आहे.

आता नवीन पेच. माळ्यावरच्या तिसऱ्या ट्रंकेचं कुलूप कटरने तोडावं लागलं (डब्यातली एकही किल्ली लागली नाही). आत पणजोबांच्या वेळचं वाटणारं कागदांचं बाड आहे, सगळं मोडी लिपीत. आईलाही वाचता येत नाही. वाळवी कडेनेच लागलीय, मधला मजकूर शाबूत आहे.

प्रतिसाद १

उन्हात घालू नका, प्लास्टिकमध्ये बांधू नका, चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. सुती कापडात गुंडाळा आणि पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. तोवर एका पानाचा स्वच्छ फोटो इथे टाका. मला थोडी मोडी येते.