अनुभव धागा : मुंबईत उघड्यावर शांत बसायचं तर कुठे, कधी, कसं?

प्रवचन आणि आठवणी दोन्ही नकोत. दुसऱ्याला उद्या उपयोगी पडेल तेवढंच लिहा.

चौपाटीकर
आधी तिथी बघा, मग घड्याळ. तिथीला तिनाने गुणून चाराने भागा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पक्ष शुद्ध असो की वद्य. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे जाते, म्हणून हा हिशेब. सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी सहाच्या सुमारास पाणी लांब गेलेलं असतं, बसायला ओली घट्ट वाळू मिळते. खाली प्लास्टिक, वर चटई. नुसती चटई पाच मिनिटांत भिजते.

कठडा
@चौपाटीकर, अर्धा-पाऊण तासाची चूक धरा की राव! पावसाळ्यात उधाण असेल तर मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर (कठड्याखालचे काँक्रीटचे चौपायी ठोकळे) उतरूच नका. शेवाळ असतं, आणि फटीत पाय गेला की निघत नाही.

पेरं
लाटेशी श्वास जुळवायला जाऊ नका. लाटा सारख्या अंतराने येत नाहीत, दहा-बारा श्वासांत धाप लागते. श्वास आपल्या चालीने चालू द्या. कान फुटणाऱ्या लाटेकडे नको. पाणी मागे सरताना वाळूत बारीक चर्र होतं, तिकडे लावा. जपाला माळ न्यायची गरज नाही, वाळूत पडली तर शोधत बसाल. अंगठा चार बोटांच्या पेरांवरून फिरवा: एका फेरीत बारा. दुसऱ्या हातावर फेऱ्या मोजा. नऊ झाल्या की 108.

बोरिवली पूर्व
समुद्र नको असेल तर कान्हेरी लेणी. सोमवारी बंद. भिक्षूंनी आपल्या खोल्यांबाहेर कोरलेले दगडी बाक आजही बसायला उत्तम. शेजारी पाण्याचं टाकं, तिथल्या शिलालेखांतली ‘पोढी’ ती हीच. उन्हाळ्यात कातळ लवकर तापतो, पहिल्या तासातच बसून घ्या. पिशवीचा खुळखुळाट झाला की माकडं आलीच, त्यामुळे खाऊ नेऊ नका.

जुहू, पावसाळा
वाळूत निळसर फुगा आणि त्याला दोरे दिसले तर ती ब्लू बॉटल, जेलीफिशसारखा विषारी समुद्री जीव. मेलेलीही डंख मारते. चप्पल पायातच ठेवा.

भाऊचा धक्का
समुद्रावरचा सूर्योदय हवा म्हणून चौपाटीवर जाऊ नका हो, तो पश्चिम किनारा. गेटवेकडे या.