उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यावर वैद्यकीय देखरेख म्हणजे नेमके काय?

प्रश्न
बीएएमएसनंतर (आयुर्वेदाची पदवी) सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करून मी आठ महिन्यांपूर्वी आदिवासी भागातील एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झालो. रक्तदाबाची गोळी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुरू करावी आणि पुढच्या गोळ्या दरमहा मी द्याव्यात, असे आम्हाला शिकवले गेले. परंतु १८०/११० रक्तदाब असलेल्या आजी समोर बसतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जायला एसटीचे पैसे नाहीत असे सांगतात, तेव्हा काय करावे? आमचे वैद्यकीय अधिकारी महिन्यातून एकदा येतात, रजिस्टर व पोर्टलवरील नोंदी पाहतात आणि जातात. याला देखरेख म्हणावे का?

उत्तर १ (वैद्यकीय अधिकारी, प्रा. आ. केंद्र)
नाही, ती तपासणी झाली. आणि हा दोष माझ्यासारख्यांकडेही येतो. आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष असला, तरी ओपीडी, बाळंतपणे, शवविच्छेदन आणि तालुक्याच्या बैठका यांतून उपकेंद्राच्या वाट्याला उरलेला वेळच येतो. आजींबाबत सांगायचे, तर छातीत दुखणे, धाप, बोलताना अडखळणे किंवा हातापायातील शक्ती जाणे यांपैकी काहीही असल्यास थेट १०८ बोलवावी. तसे नसल्यास थोडा वेळ बसवून पुन्हा मोजावे, फोनवर किंवा ई-संजीवनीवर (डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला देणारी सरकारी सेवा) सल्ला घ्यावा आणि सल्ला देणाऱ्याचे नाव व वेळ केसपेपरवर लिहावी. ही नोंद आपल्या दोघांचेही रक्षण करते. मी दर गुरुवारी प्रत्येक उपकेंद्राचे पाच केसपेपर मागवून त्यांवर चर्चा करतो; तासाभरात होते.

उत्तर २ (समुदाय आरोग्य अधिकारी, नर्सिंग)
एक मुद्दा सुटला. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली परिचारिका आणि बीएएमएस पदवीधर एकाच सहा महिन्यांच्या कोर्सला बसतात. मला सलाईन लावताना हात थरथरत नव्हता, पण छातीवर स्टेथोस्कोप ठेवून काय ऐकायचे हे उमगत नव्हते. माझ्या बॅचमधील वैद्यांचे बरोबर उलट होते. शिवाय कामावर आधारित मोबदला किती जणांची तपासणी झाली यावर ठरतो, रुग्ण योग्य वेळी पुढे पाठवला का यावर नाही.

उत्तर ३ (सार्वजनिक आरोग्य)
२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातील कलम ३२ मध्ये एमबीबीएस नसलेल्या समुदाय आरोग्य सेवा देणाऱ्यांसाठी मर्यादित परवान्याची तरतूद आहे. त्यांनी प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेत ठरावीक औषधे स्वतंत्रपणे द्यावीत, इतर बाबतीत नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली, असे ते म्हणते. मात्र किती वेळा, प्रत्यक्ष की फोनवर, हे त्यात नाही. छत्तीसगडमध्ये २००१ पासून तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू होता. त्यातून तयार झालेले ग्रामीण वैद्यकीय सहायक नेहमीच्या आजारांत एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे काम करतात, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. म्हणून माझा आक्षेप पदवीला नाही, सहा महिन्यांनंतर माणसाला एकटे सोडण्याला आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. येत्या गुरुवारी न बोलावताच पाच केसपेपर घेऊन जातो. पहिला आजींचाच असेल.