मानेच्या एमआरआयला फॅटसॅट नको, डिक्सन हवं

रिपोर्टिंगरूम:
कॉन्ट्रास्टचं (गाठ उजळवणारं) इंजेक्शन दिल्यानंतरचा मानेचा स्कॅन उघडला की मी आधी कॉलरबोनच्या वरचा भाग बघतो. चरबी स्कॅनवर पांढरी दिसते, म्हणून फॅटसॅट तिच्या फ्रिक्वेन्सीचा पल्स देऊन तिचा सिग्नल दाबतं; पण तिथली चरबी बऱ्याचदा दबलेलीच नसते. त्या पांढऱ्या पट्ट्यात छोटी लिम्फ नोड शोधायची कशी? डोळ्याच्या खोबणीचा तळ आणि दाढांच्या आसपासही तेच. चरबी आणि पाणी यांच्या फ्रिक्वेन्सीत फरक असतो जेमतेम ३.५ पीपीएम (दहा लाखात साडेतीन भाग), म्हणजे १.५ टेस्लाच्या मशीनवर साधारण २२० हर्ट्झ. सायनसमधली हवा, दातातला धातू, मान संपून एकदम रुंदावणारे खांदे यांच्यामुळे मशीनचं चुंबकीय फील्ड तेवढं सहज हलतं. मग फॅटसॅटचा पल्स चरबीला सोडून कधी पाण्यालाच दाबतो. डिक्सन ही पद्धत वेगवेगळ्या क्षणी सिग्नल घेते आणि फील्डमधला फरक हिशोबात धरून पाणी आणि चरबी वेगळी काढते. मानेसाठी तेच कायम ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

कन्सोलवरून:
अजिबात पटलं नाही. निम्मे खराब स्कॅन चुकीच्या शिमिंगमुळे, म्हणजे फील्ड एकसारखं करण्याच्या पायरीत, खराब होतात. शिमचा बॉक्स मशीनने टाकला तसाच ठेवायचा, त्यात बाहेरची हवा आणि फुफ्फुसाचा वरचा भाग येऊ द्यायचा, आणि दोष फॅटसॅटला! बॉक्स मानेपुरता आवळा, काढता येणारी कवळी काढायला लावा. शिवाय डिक्सनमध्ये पाणी-चरबीची अदलाबदल होते, तीही नेमकी धातूजवळ. दबलेली नसलेली चरबी निदान ओळखू तरी येते. स्कॅन लांबला की पेशंट गिळतो आणि चित्र हलतं, ते वेगळंच.

वाचक३:
मग सरळ स्टर (चरबी दाबायची आणखी एक पद्धत) करा की. फील्ड हललं तरी चरबी दबते.

रिपोर्टिंगरूम:
टी२ चित्रांसाठी (ज्यात पाणी उजळ दिसतं) जरूर. कॉन्ट्रास्टनंतर मात्र नको. स्टर टी१ (पल्सनंतर ऊतक पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) बघून सिग्नल दाबतं, आणि गॅडोलिनियम (कॉन्ट्रास्टचं औषध) घेतलेल्या गाठीचा टी१ चरबीच्या जवळ येतो. जे दाखवायला इंजेक्शन दिलं, तेच पुसलं जाईल.
कन्सोलवरून, शिमिंगचं मान्य. पण बॉक्स कितीही आवळला तरी खांद्याचा आकार बदलत नाही.

कन्सोलवरून:
आणि चरबी न दाबलेला, ती पांढरी दाखवणारा टी१ स्कॅन? टेरिगोपॅलाटाइन फोसातली (वरच्या जबड्यामागची, नसा जातात ती खोबण) चरबी नाहीशी झाली, तर कॅन्सर नसेच्या कडेने पसरतोय अशी शंका तिथेच येते.

रिपोर्टिंगरूम:
कॉन्ट्रास्टआधीचा तो टी१ राहीलच, त्यावर वाद नाही.

कन्सोलवरून:
मग डिक्सनचे चारही संच (पाणी, चरबी आणि दोन्ही एकत्र असलेले दोन) पॅक्सवर, म्हणजे चित्रं साठवायच्या सिस्टिमवर, जाऊ द्या. नुसता पाण्याचा संच पाठवला, तर अदलाबदल ताडून बघायला तुमच्याकडे काय उरतं?