सेंट जेम्स हॉल: वर डिकन्स, खाली काळं फासलेली तोंडं

पिटातला प्रेक्षक (धागाकर्ता)

लंडनमध्ये पिकॅडिली आणि रीजंट स्ट्रीटच्या मधे आज एक बडं हॉटेल आहे, त्या जागेवर १८५८ ते १९०५ सेंट जेम्स हॉल होता. पाश्चात्य संगीत ऐकणाऱ्यांनी नाव ऐकलं असेल. मंडे पॉप्युलर कॉन्सर्ट्स इथलेच, योआखिमचं व्हायोलिन, क्लारा शुमानचा पियानो, एका शिलिंगात बसायला जागा, आणि कादंबरीकार डिकन्सने १५ मार्च १८७० ला आपल्या पुस्तकांचं शेवटचं जाहीर वाचन केलं तेही इथेच. वास्तुरचनाकार ओवेन जोन्सने आतली सजावट स्पेनच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यावरून केली होती. कुठेही वाचा, या हॉलबद्दल हेच सांगतात.

पण हे सगळं वरच्या मोठ्या हॉलचं झालं. खाली एक छोटा हॉल होता आणि तिथे १८६० च्या दशकापासून १९०४ पर्यंत, म्हणजे पार इमारत पाडायच्या आदल्या वर्षापर्यंत, मिन्स्ट्रेल शो चालले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गोरे लोक जळकं बूच तोंडाला फासून अमेरिकेतल्या काळ्या गुलामांचं सोंग आणायचे, अर्धवर्तुळात बसायचे, मधे एक सभ्य सूत्रधार, दोन टोकांना दोन विदूषक, एकाकडे खंजिरी, दुसऱ्याकडे टकटक वाजवायची हाडं. आधी ख्रिस्टी मिन्स्ट्रेल्स हे नाव होतं, मग मूर अँड बर्जेस. रोज रात्री, शिवाय काही दिवस दुपारचाही खेळ. जाहिरातीत लिहायचे की आम्ही लंडनबाहेर कुठेच खेळ करत नाही!

माझं म्हणणं सरळ आहे, या वास्तूचा इतिहास सांगताना मिन्स्ट्रेल आधी यायला पाहिजेत आणि डिकन्स नंतर. आपल्याकडे तोंडाला काळं फासणं म्हणजे बेअब्रू, तिथे त्याच्यावर चाळीस वर्षं तिकीटबारी चालली. मतं मांडा.

खडूस मास्तर

मत मांडतो, आवडणार नाही. आजचा चष्मा लावून दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांना झोडपायचं हा सध्याचा सोपा उद्योग आहे. त्या काळात लंडनच्या सभ्य घरातल्या बायका थिएटरात जायला कचरायच्या, म्युझिक हॉल म्हणजे तर दारूचा गुत्ताच, आणि पाद्र्यांना नाटक वर्ज्य. मूर अँड बर्जेसचं ब्रीदवाक्य होतं 'चावटपणाशिवाय मजा'. पाद्री लोक पोराबाळांना घेऊन यायचे. भावगीतं व्हायची, लंडनच्याच बातम्यांवर टपल्या मारल्या जायच्या. १८८० पर्यंत त्यात अमेरिकेचा मळा आणि गुलाम किती उरला होता? काळा रंग हा नुसता पोशाख झाला होता, सर्कशीतल्या विदूषकाचं नाक असतं तसा. याला वास्तूचा मुख्य इतिहास म्हणणं म्हणजे शिवाजी मंदिरचा इतिहास खालच्या बटाटेवड्यापासून सुरू करण्यासारखं.

तबकडी

मास्तर, बटाटेवडा काढलात ते बरंच झालं 😄 कारण सेंट जेम्स हॉलची तक्रारच ती होती, खालच्या रेस्टॉरंटच्या स्वयंपाकाचा वास वर मैफलीत यायचा आणि खालच्या मिन्स्ट्रेलांचा गोंगाटही. वर बीथोव्हेनचं अगदी हळू चाललेलं काहीतरी आणि जमिनीतून बँजो! म्हणजे दोन इतिहास वेगळे ठेवायचे म्हटलं तरी त्या इमारतीतच ते वेगळे राहत नव्हते.

आणि एक, गिल्बर्ट-सलिव्हन जोडीच्या १८९३ च्या 'युटोपिया लिमिटेड' या विनोदी संगीतिकेत राजाचं मंत्रिमंडळ मिन्स्ट्रेलांसारखं अर्धवर्तुळात बसतं. ब्रिटिश राजदरबाराचं अधिकृत नाव 'कोर्ट ऑफ सेंट जेम्स', तर राजा विचारतो की हे त्या दरबाराच्या रीतीप्रमाणेच आहे ना, आणि उत्तर मिळतं, सेंट जेम्स हॉलच्या रीतीप्रमाणे आहे. हा विनोद न समजावता कळायचा, म्हणजे १८९३ च्या लंडनकराला हॉलचं नाव घेतलं की योआखिम नाही, खंजिरी आठवायची.

पिटातला प्रेक्षक

@तबकडी हे भारी, याच्यासाठीच धागा काढला होता.

@मास्तर, नुसता पोशाख होता तर मग पोशाखाच्या आत खरा काळा माणूस आलेला का चालला नाही? १८६६ मध्ये सॅम हेग नावाच्या माणसाने अमेरिकेतल्या जॉर्जियातून, गुलामीतून नुकतेच सुटलेले कलाकार लिव्हरपूलला आणले. अस्सल माल, जाहिरात करायला यापेक्षा काय पाहिजे. पण प्रेक्षकांना गोरे सोंगाडेच जास्त आवडले आणि हेगने हळूहळू त्यांच्या जागी काळं फासलेले गोरे भरले. विदूषकाच्या नाकाचं उदाहरण इथेच पडतं ना राव.

लिव्हरपूलकर (सध्या तरी)

हेगच्या इथल्या हॉलचं नावही सेंट जेम्स हॉलच, लाइम स्ट्रीटवर. इथे बंदरामुळे काळे लोक रस्त्यात दिसायचे, बघितलेच नाहीत म्हणून लोकांचा गैरसमज झाला असं म्हणायला जागा नाही. आणि लंडनचं म्हणाल तर १८३३ मध्ये आयरा ऑल्ड्रिज या काळ्या नटाने कॉव्हेंट गार्डनला ऑथेल्लो केला होता, एडमंड कीन आजारी पडला म्हणून त्याच्या जागी. काही वर्तमानपत्रांनी इतकी गरळ ओकली की दोन प्रयोगांत गुंडाळावं लागलं. तीनच वर्षांनी, १८३६ ला, टी. डी. राइस हा अमेरिकन गोरा तोंड काळं करून 'जिम क्रो' नाचत सरे थिएटरला आला तर त्याला डोक्यावर घेतलं. हा क्रम बघा आणि मग सांगा निरागस करमणूक होती म्हणून.

रातराणी

मी मधे पडते. पिटातल्या भाऊंचं बरचसं पटतंय पण तुम्ही सगळे काळ्या कलाकारांना फक्त बळी करून टाकताय. जेम्स आणि जॉर्ज बोही हे कॅनडातले काळे भाऊ, १८८१ मध्ये हॅव्हर्लीच्या काळ्या कलाकारांच्या मिन्स्ट्रेल कंपनीबरोबर लंडनला आले आणि तिथेच राहिले, बँजो असा वाजवायचे की प्रिन्स ऑफ वेल्सने जेम्सकडून धडे घेतले. त्यांना स्टेज मिळालं ते याच घाणेरड्या चौकटीतून.

फ्रेडरिक डग्लस तर स्वतः गुलामीतून पळालेला माणूस, त्याने १८४८ ला काळं फासणाऱ्या गोऱ्यांना आमचा रंग चोरून पैसा करणारा गाळ अशा अर्थाचं लिहिलं, पण पुढच्याच वर्षी काळ्या कलाकारांचा तसलाच खेळ स्वतः जाऊन बघितला आणि त्यावर टीका करूनही म्हणाला की काळा माणूस कुठल्याही रूपात गोऱ्या प्रेक्षकांपुढे उभा राहतो यात काहीतरी कमाई आहे. त्याला जे गुंतागुंतीचं वाटलं ते आपण दीडशे वर्षांनी सोफ्यावर बसून एका वाक्यात निकालात काढायचं?

खडूस मास्तर

रातराणीताई, +१. हेच म्हणत होतो, फक्त मला नीट म्हणता येत नाही.

पिटातला प्रेक्षक

नाही मास्तर, तुम्ही हे नव्हतात म्हणत, तुम्ही बटाटेवडा म्हणत होतात 🙏

रातराणी, बोही भावांचं मान्य, मी ते सोडायला नको होतं. पण त्याच चौकटीचा फास फिस्क ज्युबिली सिंगर्सना बसला ना. १८७३ ला ही अमेरिकेतल्या नॅशव्हिलची काळी विद्यार्थी मंडळी कॉलेजसाठी पैसे उभे करायला इंग्लंडला आली, व्हिक्टोरिया राणीपुढे गायली, तोंडाला काही फासलेलं नाही, विनोद नाही, सरळ उभं राहून भजनं. आणि काळे गायक म्हटल्यावर लोक आधी मिन्स्ट्रेलच समजायचे. ही सवय लंडनला कुठे लागली? पिकॅडिलीच्या तळमजल्यावर. डिकन्सही काही फार वरच्या मजल्यावर नव्हता हो, १८६५ ला जमैकात गव्हर्नर आयरने काळ्यांचं बंड चिरडताना शेकड्यांनी माणसं मारली, तेव्हा डिकन्स आयरच्या बाजूने उभा होता.

तबकडी

डिकन्सला ओढायची गरज नव्हती, गाडी रुळावरून जाते. ज्याला धंद्याची बाजू बघायचीय त्याने इस्लिंग्टनच्या ॲग्रिकल्चरल हॉलमधले मोहॉक मिन्स्ट्रेल्स बघावेत, त्यांच्यातूनच फ्रान्सिस, डे अँड हंटर ही गाणी छापणारी बडी कंपनी निघाली. हे लोक १९०० ला मूर-बर्जेसमध्ये मिसळले आणि सेंट जेम्स हॉलमध्ये शेवटपर्यंत टिकले ते तेच. इतिहास आधी कोणाचा लिहायचा हे ठरवताना कोण किती दिवस भाडं भरत होता हेही बघा की.

लिव्हरपूलकर (सध्या तरी)

आणि हे १९०४ ला संपलं असं समजू नका. बीबीसीवर 'ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' १९५८ ला सुरू झाला तो १९७८ पर्यंत चालला, १९६७ ला बंद करा म्हणून अर्ज जाऊनसुद्धा. माझ्या शेजारच्या आजींना अजून त्यातली गाणी येतात, आणि म्हातारी स्वभावाने एकदम गोड आहे, काय बोलायचं सुचत नाही.

खडूस मास्तर

चला, आजींना तरी सोडा. एक शंका, अवांतर वाटलं तर वाटो. हे प्रकरण हिंदुस्थानात आलं होतं का? साहेब आपल्याकडे क्रिकेट घेऊन आला, हे बूच फासणं नाही आणलं?

रातराणी

आणलं मास्तर. डेव्ह कार्सन नावाचा मिन्स्ट्रेल १८६० च्या दशकात इकडे आला आणि कलकत्त्यात 'बेंगॉली बाबू' नावाचं गाणं म्हणत इंग्रजी शिकलेल्या बंगाली माणसाची टिंगल करायचा. काळ्या गुलामाच्या जागी आपण! त्याच्या खेळाची जाहिरात 'कार्सन साहेब का पक्का तमाशा' अशी असायची, तर १८७३ मध्ये बंगाली नट अर्धेंदुशेखर मुस्तफीने 'मुस्तफी साहेब का पक्का तमाशा' लावला आणि साहेबालाच स्टेजवर नाचवला.

खडूस मास्तर

बाबूची टिंगल केली? हे माहीत नव्हतं. मग कार्सनला चार शिव्या माझ्याकडूनही.

पिटातला प्रेक्षक

मास्तर, आणि चष्म्याचं काय झालं?? 😄